काळीची पांढरी होते तेव्हा



आपल्या गावाची जमीन दोन नावांची. एक काळी आणि एक पांढरी. काळी म्हणजे पिकाची जमीन, पांढरी म्हणजे वस्तीची जागा. हे शब्द आता बहुधा म्हाताऱ्या माणसांच्याच तोंडी ऐकू येतात. पूर्वी घरांच्या भिंती पांढऱ्या मातीच्या असत. त्या पिढ्यान्‌पिढ्या पडत, पुन्हा उभ्या राहत; त्यांची माती आणि चुलींची राख जिरून जिरून गावाखालची जमीनच पांढुरकी होऊन जाई. गाव उठून गेले तरी त्या जागेचा रंग राहतो, आणि नांगरताना शेतकरी म्हणतो, ‘इथे एके काळी पांढरी होती.’

पण कागदोपत्री पांढरी या शब्दाला आणखी एक अर्थ होता. ‘समस्त पांढरी’ म्हणजे सगळा गाव, गावची माणसे. जागेचे नाव माणसांना मिळाले ते उगीच नव्हे. वस्ती कुठे व्हायची, कुठे नाही, हा एकट्यादुकट्याचा प्रश्न नव्हता. तो सर्वांचा होता.

आज आपण याच प्रश्नाचा थोडा इतिहास पाहू. पिकाच्या जमिनीवर घरे बांधायची, दुकान काढायचे, कारखाना उभारायचा, तर त्याला हो किंवा नाही कोणी म्हणायचे? आणि म्हणण्याआधी कोणाचे ऐकायचे? मालक म्हणेल, ‘जमीन माझी, सातबारा माझ्या नावाचा, मग इतरांचा काय संबंध?’ प्रश्न रास्त आहे. तो मनात ठेवूनच पुढे जाऊ.

मराठेशाहीत गावाचा कारभार पाटील-कुलकर्ण्यांच्या हाती असे, पण वादाचा निकाल करायचा तर गोत बसे. गोतसभेत मिरासदार, बलुतेदार, शेजारच्या गावचे पाटील हजर असत. दोन्ही बाजूंचे ऐकून घेत, साक्षी घेत, आणि झाल्या निर्णयाचा कागद होई, त्याला महजर म्हणत. त्यावर हजर असलेल्यांची नावे आणि निशाण्या पडत. लिहिता न येणारा पाटील नांगराची निशाणी करी. शिवेचा वाद असला तर गावचा महार पुढे येई, कारण शीव कुठून कुठे जाते हे त्याच्याइतके कोणाला ठाऊक नसे. त्याने शपथ घेऊन चालत दाखवलेली शीव गाव मान्य करी.

नवी पेठ वसवायची झाली तर सरकारातून कौल मिळे. अमुक जागेवर वस्ती करा, इतकी वर्षे कर माफ, पुढे ठरल्या दराने द्या, असा तो करार. व्यापार सांभाळायला शेटे आणि महाजन नेमले जात. पुण्याची सदाशिव पेठ अशीच थोरल्या माधवराव पेशव्यांच्या कारकिर्दीत, १७६९ साली वसली. तेव्हा जमिनीचा वापर बदलणे हे आपल्याकडे काही इंग्रजांबरोबर आले नाही. ते जुनेच आहे. उघड्यावर बसून, चार लोकांच्या साक्षीने निर्णय करण्याची रीतही जुनीच आहे.

मात्र जुने ते सगळे सोने, असे मानू नये. गोतात मिरासदाराला मान होता. बाहेरून येऊन जमीन कसणारा उपरी, त्याच्या शब्दाला तेवढे वजन नव्हते. बायका त्या बैठकीत अपवादानेच दिसत. आणि ज्या महाराच्या शपथेवर गावाची शीव ठरे, त्याचे स्वतःचे घर मात्र गावकुसाबाहेर असे. त्याची वस्ती कुठे असावी हे त्याला कोणी विचारले नव्हते. सर्वांसमोर निर्णय होणे वेगळे आणि सर्वांचे ऐकून निर्णय होणे वेगळे. हा फरक ध्यानात ठेवू या. तो पुढे पुन्हा भेटणार आहे.

१८१८ साली पेशवाई गेली आणि इंग्रजी अंमल बसला. १८३५-३६ च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट या दोघा अधिकाऱ्यांनी इंदापूर तालुक्यात जमिनीची नवी पाहणी सुरू केली. शेताशेताला नंबर पडला, मातीची प्रत पाहिली गेली, आणि त्या हिशेबाने तीस-तीस वर्षांचा सारा ठरला. सर्व्हे नंबर हा शब्द आपल्या बोलण्यात आला तो या पाहणीतून. गावठाणाची हद्दही कागदावर पक्की झाली. काळी आणि पांढरी यांच्यामध्ये आता नकाशावरची शाईची रेघ आली.

सरकारचा सारा मातीच्या पिकावर बसलेला. मग एखाद्याने त्या जमिनीवर वखार बांधली, घरे बांधून भाड्याने दिली, तर? जमिनीचे उत्पन्न बदलले, पण सारा मात्र ज्वारी-बाजरीचाच! म्हणून १८७९ च्या मुंबई जमीन महसूल कायद्यात पासष्टावे कलम आले. शेतकऱ्याने आपल्या शेतात विहीर खणावी, शेतीच्या उपयोगाचे घर-गोठा बांधावा, त्याला कोणी अडवणार नाही. पण शेतीखेरीज दुसरे काही करायचे असेल तर आधी कलेक्टराची परवानगी घ्यावी. विनापरवानगी वापर बदलला तर दंड, प्रसंगी जागेवरून काढूनही टाकता येई. पुढे अशीही तरतूद आली की ठरल्या मुदतीत कलेक्टराचे उत्तर आले नाही, तर परवानगी मिळाली असे समजावे. आपण ज्याला ‘बिनशेती’ म्हणतो, किंवा सरळ ‘एनए’ म्हणतो, त्याचा जन्म हा असा झाला.

आता पाहा काय झाले. गोताची बैठक संपली आणि कचेरीचे टेबल आले. कलेक्टराने ‘योग्य चौकशी’ करावी असे कायदा सांगे. पण शेजाऱ्याला बोलवावे, गावाला विचारावे, नोटीस लावावी, असे बंधन त्यात नव्हते. अर्ज एका माणसाचा, चौकशी कारकुनाची, हुकूम साहेबाचा. सगळे दोघांत मिटे. ओढ्याकाठच्या शेतात प्लॉट पडले आणि पलीकडच्याच्या शेतात पाणी तुंबू लागले, तर त्या पलीकडच्याला हे कळायचे ते पाणी आल्यावरच.

एकेका अर्जावर हुकूम देत गेले तर गाव कसे वाढते, याचा धडा पटकीने दिला नसेल इतका प्लेगाने दिला. १८९६ साली मुंबईत प्लेग आला, १८९७ साली पुण्यात त्याने हाहाकार केला. अंधारी, कोंदट, एकमेकांना चिकटून उभी राहिलेली घरे. वारा नाही, गटारे नाहीत. मुंबईत १८९८ साली शहर सुधारणेसाठी एक स्वतंत्र ट्रस्ट नेमला गेला. त्याने रुंद रस्ते काढले, दादर-माटुंग्याकडे आखीव वस्त्या वसवल्या. आधी आखणी, मग बांधणी, ही गोष्ट तेव्हा सरकारच्या गळी उतरली.

त्यातून १९१५ साली मुंबई इलाख्याचा नगररचना कायदा आला. असा कायदा करणारा हिंदुस्थानातला हा पहिला इलाखा. या कायद्यातली कल्पना शेतकऱ्याला चटकन समजेल अशी आहे. समजा, गावाच्या कडेला वीस जणांची वेडीवाकडी शेते आहेत. कोणाला रस्ता आहे, कोणाला नाही. ही सगळी शेते कागदावर एकत्र करायची. त्यातून रस्ते, मोकळी जागा, सार्वजनिक उपयोगाच्या जागा काढून घ्यायच्या, आणि उरलेल्या जमिनीचे नीट चौकोनी तुकडे करून ज्याचे त्याला परत द्यायचे. तुकडा पहिल्यापेक्षा लहान, पण रस्त्यावरचा, म्हणून किंमत जास्त. ही वाढ मालकाच्या घामाने झालेली नाही, सार्वजनिक सोयींमुळे झाली. म्हणून वाढलेल्या किमतीच्या निम्म्यापर्यंत रक्कम त्याने योजनेच्या खर्चाला द्यायची. प्रत्येक मालकाचे म्हणणे ऐकायला एक लवाद नेमलेला असे.

मघाचा मालकाचा प्रश्न आठवा. ‘जमीन माझी, इतरांचा काय संबंध?’ त्याचे अर्धे उत्तर या कायद्यात आहे. शेताचा प्लॉट झाला की भाव कितीतरी पटीने चढतो. तो कशाने चढतो? रस्त्याने, नळाने, दिव्याने, शाळेने, शेजारच्या वस्तीने. यातले काहीच एकट्या मालकाने केलेले नसते. लाभात गावाचा हात आहे; मग विचारातही गावाचा हात असायला हवा.

स्वातंत्र्यानंतर १९५४ साली नवा मुंबई नगररचना कायदा झाला. त्याने स्थानिक संस्थांवर आपल्या सबंध हद्दीचा विकास आराखडा करण्याची जबाबदारी टाकली. महाराष्ट्र राज्य झाल्यावर १९६६ चा महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायदा आला, तो जानेवारी १९६७ पासून अमलात आहे. त्याच वर्षी, म्हणजे १९६६ साली, जमीन महसुलाचीही नवी संहिता झाली, आणि बिनशेती परवानगीचे जुने कलम तिच्यात नव्या नंबराने आले.

या आराखड्याला रंग असतात. पिवळा रंग राहण्याच्या जागेचा, निळा व्यापाराचा, जांभळा कारखान्यांचा, हिरवा शेतीचा. म्हणून बाजारात माणसे ‘यलो झोन’, ‘ग्रीन झोन’ असे बोलतात. जुन्या काळी-पांढरीचीच ही नवी नावे, दुसरे काय! आराखड्यात शाळा, बाग, मैदान, दवाखाना यांसाठीही जागा राखून ठेवलेल्या असतात.

आराखडा करताना आधी प्रत्यक्ष जमिनीची पाहणी होते, मग मसुदा प्रसिद्ध होतो, आणि लोकांच्या हरकती-सूचना मागवल्या जातात. त्या ऐकायला एक समिती बसते. तिच्यात स्थानिक संस्थेचे तीन सदस्य आणि या विषयाची जाण असलेली बाहेरची मंडळी असतात. समितीचा अहवाल, संस्थेचा ठराव आणि शेवटी राज्य सरकारची मंजुरी, असा हा क्रम. गोताच्या बैठकीतली एक गोष्ट, म्हणजे निर्णयाआधी ऐकून घेणे, ही अशी पुन्हा कायद्यात आली. आणि या खेपेस मिरासदार आणि उपरी असा भेद ठेवलेला नाही. हरकत कोणालाही घेता येते.

आता एक उदाहरण घेऊ. समजा, एका लहान शहराच्या कडेला एका शेतकऱ्याची चार एकर जमीन आहे. शहराच्या आराखड्यात ती हिरव्या रंगात पडली. विहीर आटली, कर्ज झाले, मुलगा शहरात कामाला. शेजारी वस्ती आली आहे. त्याला वाटते, आपली जमीनही पिवळ्यात यावी. हे वाटणे काही गुन्हा नव्हे. तो नगरपालिकेकडे अर्ज करतो.

नगरपालिकेला हा रंग एका सहीने बदलता येत नाही. १९६६ च्या कायद्याचे सदतिसावे कलम सांगते की मंजूर आराखड्यात फेरबदल करता येईल, पण आराखड्याचे मूळ स्वरूप बदलेल असा नाही. त्यासाठी सभेचा ठराव हवा. मग सरकारी राजपत्रात नोटीस द्यायची, आणि एका महिन्याच्या आत कोणीही हरकत किंवा सूचना द्यावी असे जाहीर करायचे. ज्यांच्या जमिनीवर परिणाम होईल त्यांना वेगळी नोटीस. हरकती घेणाऱ्यांचे म्हणणे ऐकायचे, आणि मग प्रस्ताव सरकारकडे धाडायचा. सरकार नगररचना संचालकांचा सल्ला घेऊन तो मंजूर करते, काही बदल करून मंजूर करते, किंवा नाकारते. प्रादेशिक योजनेतल्या खेड्यांच्या जमिनीचा विभाग बदलायचा असेल तर विसाव्या कलमाने सरकारच नोटीस काढते; पण नोटीस आणि हरकत या पायऱ्या तिथेही आहेतच.

ऐकणाऱ्याने पाहायचे काय? ती जमीन आजच्या वस्तीला लागून आहे की मधेच सुटी? तिथे जायला पुरेसा रुंद रस्ता आहे का? आणखी दोनशे घरांना पाणी कुठून येणार? सांडपाणी कुठे जाणार? मुले कोणत्या शाळेत बसणार? ओढा, नाला, नदी यांची पूररेषा कुठून जाते? आणि सर्वांत मोठा प्रश्न असा की, हे एकाला दिले तर त्याच कारणासाठी शेजारच्या दहा जणांना नाही कसे म्हणणार? एकाला हो आणि दुसऱ्याला नाही म्हणायचे असेल, तर दोघांच्या जमिनीत खरा फरक दाखवता आला पाहिजे. माणसामाणसांतला फरक हे कारण होऊ शकत नाही.

पूररेषेचे थोडे सांगतो. नकाशावर नदीकाठाने निळी रेषा असते. सरासरी पंचवीस वर्षांत एकदा येणारा पूर जिथवर पोचतो तिथवर ती. लाल रेषा शंभर वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची. पंचवीस वर्षे म्हटले की माणसाला वाटते, पुष्कळ अवकाश आहे. पण सरासरी म्हणजे वायदा नव्हे. कोल्हापूर-सांगलीकडे २००५ साली मोठा पूर आला आणि २०१९ च्या ऑगस्टात त्याहून मोठा आला. पंचगंगेचे आणि कृष्णेचे पाणी घराघरांत शिरले. नदीच्या पसरण्याच्या जागेवर वस्तीला हो म्हणताना तो निर्णय कागदावर एका ओळीचा असतो; त्याची किंमत मात्र तिथे पुढे राहायला येणारे कुटुंब देते, आणि हो म्हणतेवेळी ते कुटुंब सभेत हजर नसते. त्याच्या वतीने कोणी बोलायचे? मालक बोलणार नाही. बांधकाम करणारा बोलणार नाही. बोलायचे ते शेजाऱ्यांनी, जुन्या माणसांनी, ज्यांनी पाणी कुठवर येते हे डोळ्यांनी पाहिले आहे. शीव चालून दाखवणाऱ्या माणसाचे हे आजचे काम आहे.

इथेच आपले चुकते. नोटीस निघते, राजपत्रात छापली जाते, वर्तमानपत्रात आतल्या पानावर बारीक टाइपात येते. महिना जातो. हरकत एकही नाही. मग फाइलवर लिहिले जाते की कोणाचीही हरकत आलेली नाही. कायद्याच्या दृष्टीने गावाचे मौन म्हणजे गावाची कबुलीच ठरते. पुढे मैदानाची राखीव जागा गेली, ओढा अरुंद झाला, की आपण पारावर बसून हळहळतो. हळहळीला मुदत नसते, हरकतीला असते.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. राखीव जागेच्या मालकाचेही हाल होतात. जागा शाळेसाठी राखून ठेवली, पण पालिकेने वर्षानुवर्षे घेतलीच नाही. मालकाला बांधता येत नाही, विकावी तर गिऱ्हाईक नाही. म्हणून कायद्याने त्यालाही वाट ठेवली आहे. आराखडा अमलात आल्यापासून दहा वर्षांत जागा घेतली नाही तर मालक नोटीस देऊ शकतो, आणि त्यानंतर कायद्याच्या मुदतीत संस्थेने संपादनाची पावले उचलली नाहीत तर आरक्षण सुटते. हे न्यायाचेच आहे. पण पालिका झोपली म्हणून मालकाची जमीन मोकळी झाली, तरी मुलांचे मैदान मात्र गेले, हेही तितकेच खरे. म्हणून राखीव जागांची यादी आणि त्यांची वर्षे गावातल्या चार माणसांना पाठ असावीत.

अलीकडे आणखी एक बदल झाला आहे, त्याकडे लक्ष वेधतो. २०१४ आणि २०१७ साली महसूल संहितेत दुरुस्त्या झाल्या. आराखड्यात ज्या जमिनीचा विभाग ठरला आहे, तिच्यासाठी कलेक्टराकडे वेगळी बिनशेती परवानगी मागण्याची गरज बरीच कमी झाली. २०१७ च्या दुरुस्तीने गावठाणाच्या हद्दीपासून दोनशे मीटरपर्यंतच्या जमिनीलाही राहण्याच्या वापरासाठी अशी सवलत दिली. शेतकऱ्याचे हेलपाटे वाचले, हे चांगलेच झाले. एका सहीसाठी कचेरीच्या पायऱ्या झिजवण्यात कोणाचे भले होते? पण याचा दुसरा अर्थ समजून घ्या. पूर्वी दोन दारे होती. आराखड्यात हुकले तर बिनशेतीच्या चौकशीत काही अडवता येई. आता आराखड्याचा रंग हाच बहुतांशी निर्णय. तेव्हा आराखड्याची सुनावणी हेच मुख्य दार, आणि ते थोड्याच दिवसांसाठी उघडते.

मग करायचे काय? नोटीस दिसली की तिच्यातले गट नंबर आपल्या गावच्या नकाशावर शोधा. हरकत साध्या मराठीत लिहा. गट नंबर कोणता, बदल कोणता, त्याने काय बिघडेल, आणि आपले मागणे काय, एवढ्या चार गोष्टी पुरे. ‘आमचा विरोध आहे’ एवढेच लिहून भागत नाही, कारण द्यावे लागते. एक प्रत देऊन दुसरीवर पोच घ्या. ग्रामसभेत विषय काढून ठराव करा. सुनावणीच्या दिवशी हजर राहा. कागद बोलतो, पण माणूस उभा राहिला की कागदाला आवाज येतो. आणि कोणाचा अर्ज रास्त असेल, तर तसेही लिहून द्या. हरकतीबरोबर सूचनाही मागवलेल्या असतात. शेजाऱ्याचे भले अडवणे हा याचा हेतू नव्हे.

शिक्षक बंधू-भगिनींना एक विनंती. भूगोलाच्या तासाला आपण मुलांना जगाचा नकाशा दाखवतो. एकदा आपल्या गावाचा किंवा शहराचा आराखडा भिंतीवर लावा. मुलांना आपली शाळा, ओढा, गावठाण, गायरान शोधू द्या. पिवळे कुठे, हिरवे कुठे, मैदान म्हणून दाखवलेली जागा प्रत्यक्षात कशी आहे, हे त्यांना चालत जाऊन पाहू द्या. संध्याकाळी ती मुले घरी जाऊन विचारतील, ‘आबा, आपलं शेत कोणत्या रंगात आहे?’ ज्या घरात हा प्रश्न विचारला गेला, त्या घरातली माणसे पुढची नोटीस वाचल्याशिवाय राहणार नाहीत.

काळीची पांढरी होणारच. माणसे वाढतात, गावे वाढतात. ती कोणी थांबवू शकलेले नाही, आणि थांबवूही नयेत. पण एकदा झालेल्या पांढरीची पुन्हा काळी होणे फार अवघड. म्हणून नांगराऐवजी कुदळ लावण्यापूर्वी समस्त पांढरीने एकदा बसावे आणि या खेपेस गावकुसाबाहेर कोणाला ठेवू नये, एवढेच सांगून मी आपली रजा घेतो.